‘नोस्फेराटू’ला पायपेटी, व्हायोलिन आणि घुमट

प्रत ठरल्याशिवाय वाद्याला हात लावू नये. मुर्नाव या जर्मन दिग्दर्शकाचा ‘नोस्फेराटू’ हा मूक भयपट १९२२चा. त्याच्या इतक्या निरनिराळ्या प्रती फिरतात की दोघा वादकांनी आपापल्या घरी वेगळी प्रत बघून तयारी केली तर पहिल्याच तालमीत सगळं फिसकटतं. एखादी प्रत तासाभरात संपते, एखादी दीड तासाच्या पुढे जाते. काहींत त्यातल्या पिशाच उमरावाचं नाव ओरलॉक असतं, काहींत ड्रॅक्युला. काही निव्वळ कृष्णधवल, काहींना रंगछटा दिलेल्या. फोंड्याच्या बाजूच्या एका छोट्या सभागृहात आम्ही हा चित्रपट पायपेटी (पायाने भाता मारायची पेटी), व्हायोलिन आणि घुमट (गोव्याचं मातीचं तालवाद्य) अशा तीन वाद्यांवर केला. त्यासाठी घेतलेली प्रत ९४ मिनिटांची, जीर्णोद्धार झालेली, छटा असलेली होती. पुढचं सगळं त्या प्रतीला धरून आहे.

छटांचा आग्रह हौसेपोटी नाही. त्या काळी रात्रीचे प्रसंग भर दिवसा चित्रित करत आणि प्रिंट निळ्या रंगात बुडवून त्याची रात्र करत. निळं म्हणजे रात्र, पिवळसर म्हणजे दिवस किंवा दिव्याचा उजेड, गुलाबी म्हणजे पहाट किंवा तिन्हीसांज. हा रंग काढून घेतला की ओरलॉक लख्ख उन्हात शवपेटी काखोटीला मारून गावातून हिंडताना दिसतो. मग शेवटी तो उन्हाने मरतो तेव्हा प्रेक्षकाला प्रश्न पडतो, इतका वेळ कसा जिवंत राहिला? हे कोडं कुठल्याही संगीताने सुटत नाही. फुकट मिळणाऱ्या बहुतेक कृष्णधवल प्रती इथेच बाद होतात.

दुसरी गोष्ट वेग. मूकपट हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्यावर घेतलेले. सेकंदाला १६, १८, २० अशा फ्रेम्स. बोलपट आल्यावर २४ हा आकडा पक्का झाला. १८च्या वेगाने ९४ मिनिटं चालणारा चित्रपट २४ने सोडला तर साडेसत्तर मिनिटांत आटपतो आणि माणसं टुणटुण उड्या मारत चालतात. मूकपट म्हटलं की लोकांना हसू येतं त्यातलं अर्धं हसू या चुकीच्या वेगाचं असतं. आणखी एक बारीक फसगत आहे. आपण तालीम २४ फ्रेमच्या फाइलवर करतो आणि सभागृहात येते २५ची डिस्क. कानाला, डोळ्याला काहीच कळत नाही, पण ९४ मिनिटांचा चित्रपट ९० मिनिटांत संपतो. घड्याळ लावून वाजवणारा वादक शेवटी पावणेचार मिनिटं मागे राहतो. म्हणजे पडद्यावर कोंबडा आरवतो तेव्हा तो अजून मध्यरात्रीत असतो. म्हणून ज्या फाइलवर तालीम, तीच फाइल, तोच लॅपटॉप, तोच प्लेअर प्रयोगाला. पेन ड्राइव्हवरची ‘तीच’ प्रत चालणार नाही.

हक्कांचं थोडक्यात. भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो, तेव्हा मूळ चित्रपटाची अडचण नाही. जीर्णोद्धार केलेली प्रत आणि तिला जोडलेलं नवं संगीत यांची गोष्ट मात्र वेगळी असू शकते, तिथे लेखी परवानगी घ्यावी. सार्वजनिक प्रदर्शनासाठी १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे प्रमाणपत्र किंवा सूट लागते. हे आयोजकाचं काम, पण झालंय का ते पत्रिका छापण्याआधी विचारावं.

प्रसंगांमध्ये येणाऱ्या मजकुराच्या पाट्या मूळ जर्मनमध्ये आहेत आणि या चित्रपटात मजकूर पुष्कळ: रोजनिशी, पत्रं, पिशाचांवरचं पुस्तक, जहाजाची नोंदवही, वर्तमानपत्र. मराठी भाषांतर खाली सबटायटल म्हणून दिलं. प्रोजेक्टरच्या आतल्या प्लेअरमध्ये देवनागरी जोडाक्षरं तुटतात, ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे जाते. तेव्हा मजकूर चित्रातच पक्का करून नवी फाइल काढावी. एका ओळीत ३५ ते ४० अक्षरं, दोनच ओळी. ओळ पाटी लागताच यावी आणि पाटी जाताच जावी. मजकुराची लांब पानं वादकांच्या फार कामाची. व्हायोलिनवाल्याला सूर तपासायला, घुमटवाल्याला हात पुसायला तीच वेळ.

आता संगीत. हा चित्रपट ४ मार्च १९२२ रोजी बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातल्या सभागृहात पहिल्यांदा दाखवला गेला तेव्हा हान्स एर्डमान यांनी वाद्यवृंदासाठी रचलेलं संगीत सोबत होतं. त्यातलं बरंचसं हरवलं. म्हणून जगभर जो तो आपलं संगीत लावतो आणि आपणही लावायला हरकत नाही. आपल्याकडे मूकपटाला पेटी-तबल्याची साथ असायची आणि मुंबईच्या चित्रपटगृहांत पडद्याखाली बसून वाजवणाऱ्यांत गोव्याचे वादक असत. गोव्याच्या मातीला हे काम परकं नाही. परकं आहे ते आज भयपट म्हटल्यावर हात आपोआप जातो ते किंचाळणारं व्हायोलिन आणि दणका. ते आम्ही पहिल्याच बैठकीत बाद केलं.

आमची सगळी रचना एका निर्णयावर उभी आहे: पंचम, म्हणजे ‘प’ हा सूर, काढून घ्यायचा.

सुरुवातीला विस्बोर्ग गाव, सकाळ, हुटर आणि त्याची बायको एलेन यांचं नवं घर. इथे भूप राग. सा रे ग प ध, सगळे शुद्ध, ऐकणाऱ्याला बूड टेकायला जागा देणारे. हुटर ओरलॉकच्या किल्ल्याकडे घोड्यावरून निघतो, डोंगरातल्या खाणावळीत थांबतो, गाडीवाले पुढे जायला नकार देतात आणि तो पायी पूल ओलांडतो. त्या पुलावर पंचम बंद. तिथून मारवा: कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य, आणि षड्जसुद्धा टाळत टाळत घेतलेला. तिन्हीसांजेचा राग, गुलाबी छटेवर नेमका बसतो. किल्ल्यातल्या रात्री मालकंसात. मालकंसाने भुतंखेतं जवळ येतात ही गवयांमधली जुनी समजूत सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही तो घेतला तो मध्यरात्रीचा राग म्हणून, आणि त्यातही पंचम नाही म्हणून. ओरलॉक ज्या जहाजातून गावात येतो त्या जहाजावर राग नाहीच. षड्ज आणि कोमल रिषभ हे दोनच सूर एकमेकांना घासत राहतात. शेवटच्या रात्री पुन्हा मालकंस, त्यातून ललित, आणि ओरलॉक उन्हात विरून धूर उरतो तेव्हा भैरव. ललित कोमल धैवताचा घेतला, कारण मग भैरवात जाताना फक्त तीव्र मध्यम सुटतो आणि पंचम येतो. एक सूर गेला, एक आला, बाकी सगळं जागच्या जागी. सव्वा तासाच्या आसपास न ऐकलेला पंचम कानावर पडला की संगीतातलं ओ की ठो न कळणारा माणूससुद्धा खुर्चीत सैल होतो.

निर्णय सोपा, तो पाळणं कठीण. पंचम वाद्यांतच बसलेला असतो. आपल्याकडे व्हायोलिन साधारणपणे प-सा-प-सा असं मिळवतात. खुली तार नुसती थरथरली तरी पंचम बोलतो. आम्ही दोन्ही पंचम एक स्वर उतरवून म-सा-म-सा केलं. तार सैल पडते, खुंटी घसरते, गज जरा जड टेकवावा लागतो. हे प्रयोगाच्या दिवशी करायचं नाही, निदान आदल्या दिवशी करून तारेला बसू द्यायचं. तानपुऱ्याचंही तेच: पहिली तार मध्यमाला. मात्र मारव्यात तीव्र मध्यम आणि तानपुऱ्याचा शुद्ध मध्यम यांची टक्कर होते, म्हणून मारवाभर तानपुरा बंद आणि पायपेटीवर खालचा धैवत दाबून धरलेला. भूपातही तानपुरा नको. तो येतो किल्ल्याच्या दारात, मालकंसाबरोबर. पेटीच्या षड्जाच्या छायेत पंचम असतोच, तो कोणाला काढता येणार नाही. बोट मात्र त्या पट्टीवर जाता कामा नये. पायपेटीचा सूर बदलता येत नाही, तेव्हा तीच मालकीण. षड्ज काळी एकला ठेवला आणि बाकीच्यांनी तिला मिळवून घेतलं.

नाट्यसंगीत आणि भजनाला साथ करणाऱ्याची इथे एक अडचण होते. गायक श्वास घेतो ती जागा भरून काढायची, ही त्याच्या बोटांची वर्षानुवर्षांची सवय. मूकपटात गायकच नाही, म्हणजे सगळी मोकळीच जागा. बोटं धावत सुटतात. आम्ही तालमीत नियम केला: एक सूर धरल्यावर तो बदलायला पडद्यावर कारण दिसलं पाहिजे. मुरकी नाही, तान नाही, समेला येणं नाही.

घुमटाची अडचण याहून गोव्याची. मातीचा घट, मोठ्या तोंडावर कातडं, दुसरं तोंड उघडं. उजवा हात कातड्यावर आणि डावा त्या उघड्या तोंडावर. डाव्या पंजाने तोंड झाकलं-उघडलं की आवाज खाली ओढला जातो, वर सुटतो. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत, आता कायद्याने बंदी असल्यामुळे बकऱ्याचं. २०१९ साली सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. पण इथल्या माणसाला घुमट म्हणजे चवथ, गणेशचतुर्थी. आरतीतला ओळखीचा बोल दोन मात्रा जरी वाजला तरी मागच्या रांगेत पाय ठेका धरतात, आणि भीती संपली. म्हणून घुमटावर ठेका नाहीच. एकेरी थाप, ती विरेपर्यंत थांबणं, मग दुसरी. जहाजाच्या प्रसंगात थाप मारून डावा पंजा हळूहळू बंद करत न्यायचा. आवाज लाकडी तळ पाण्यात दबल्यासारखा खाली जातो. आम्हाला सगळ्या प्रयोगात याहून योग्य आवाज दुसऱ्या कशाने मिळाला नाही.

नोंदवही कशी केली ते सांगतो. चित्रपट आधी आवाज पूर्ण बंद करून सगळ्यांनी एकत्र बघायचा, वाद्यं खोलीबाहेर. मग नोंद. पाच रकाने: वेळ, आधीची खूण, पडद्यावर काय घडतं, कोण काय वाजवतो, कोण थांबतो. यात ‘आधीची खूण’ सर्वांत महत्त्वाची. वादक प्रसंग बघून वाजवायला लागला तर हात उचलून पट्टीवर जाईपर्यंत उशीर होतो. त्याला त्याच्या आधीचं दृश्य ठाऊक हवं. वेळेचा रकाना फक्त तालमीत जागा शोधायला. प्रयोगात त्याच्याकडे बघायचं नाही. आणि ‘कोण थांबतो’ हा रकाना बहुतेक नोंदवह्यांत नसतोच. मग तिघंही दीड तास वाजवत राहतात आणि तासाभराने प्रेक्षकांचे कान बधिर होतात. आमच्या वहीत दोन वाद्यं एकत्र असलेल्या जागा मोजक्या आणि तिन्ही एकत्र असलेल्या त्याहून कमी. पायपेटीवाल्याच्या पायांनाही या विश्रांतीची गरज असते. सलग दीड तास पाय मारला की पोटऱ्या भरून येतात आणि भात्याचा दाब डगमगतो.

किल्ल्यातली दुसरी रात्र नमुन्यादाखल घेऊ. हुटर पिशाचांचं पुस्तक वाचतो, दार किलकिलं करून बघतो. दूर अंधारात ओरलॉक उभा. दार लोटतो, अडसर नाही. खिडकीशी धावतो, खाली खोल दरी. मग बिछान्यात अंग चोरून घेतो. आणि दार आपोआप उघडतं, त्या कमानीत ओरलॉक भरून राहतो. हुटरने दार लोटलं की व्हायोलिन आणि तानपुरा बंद. उरते फक्त पायपेटी, तीही सुराविना: खटके उघडे, एकही पट्टी दाबलेली नाही, भाता अगदी सावकाश. हवा जायची तिथून जाते आणि जवळ ठेवलेल्या मायक्रोफोनमधून श्वासासारखी ऐकू येते. हा श्वास हुटरचा की दाराबाहेरच्याचा हे ठरवायचं नाही. दार उघडायला लागतं तेव्हा प्रत्येक वादकाचा हात शिवशिवतो, काहीतरी मोठं वाजवावं म्हणून. नाही वाजवायचं. ओरलॉक कमानीत येऊन थांबला, की मनात दोन आकडे मोजून खर्जाची पट्टी अर्धीच दाबायची. अर्ध्या दाबलेल्या पट्टीत सुरीला, म्हणजे आतल्या धातूच्या पातीला, पुरती हवा मिळत नाही. सूर उशिरा उमटतो, किंचित उतरलेला, खरखरीत. दार दिसताक्षणी वाजलेला सूर प्रेक्षकाला सांगतो की आता घाबर. दोन आकडे उशिरा आलेला सूर त्याला आधीच घाबरलेला गाठतो. या दोन आकड्यांसाठी आम्ही बाकी कुठल्याही जागेपेक्षा जास्त तालीम केली.

पडद्यावर दिसणारे आवाज हा वेगळा विभाग. सांगाड्याचं घड्याळ बाराचे ठोके देतं, गावात माणूस ढोल बडवत प्लेगच्या साथीची दवंडी पिटतो, शेवटी कोंबडा. हे वाजवायचे का? घड्याळाचे ठोके आम्ही वाजवले नाहीत. ढोलाचा मोह मोठा, कारण घुमटाबरोबरचं शामेळ काठ्यांनीच वाजतं आणि जवळच ठेवलेलं होतं. पण १८ फ्रेमचं चित्र २४मध्ये बसवताना काही फ्रेम दोनदा येतात, हालचाल एकसारखी राहत नाही. पडद्यावरची काठी आणि आपली काठी जुळता जुळत नाही, आणि सेकंदाच्या दहाव्या भागाचा फरकही डोळ्याला टोचतो. तेव्हा दवंडीवाला दिसतो तोवर तिघंही गप्प. तो ढोल प्रेक्षक मनातल्या मनात ऐकतोच. दृश्य बदललं की शामेळावर एकच काठी, संथ, सगळा साथीचा भाग संपेपर्यंत. दारांवरच्या खडूच्या फुल्या, गल्लीतून ओळीने येणाऱ्या शवपेट्या, सगळ्यांवर तोच ठोका, ना वेग वाढवायचा ना जोर.

जिन्यावरची सावली सगळ्यांना आधीपासून माहीत असते; पोस्टरवर तीच असते. तिथे नवं काही करू नये. ललिताचा एक सूर व्हायोलिनवर, गज घोडीच्या अगदी जवळ, म्हणजे सूर काचेसारखा पातळ होतो. सावलीचा पंजा एलेनच्या छातीवर येऊन मिटतो तिथे घुमटाची एक थाप, कातड्यावरच दाबून धरलेली, गुंज न देणारी. पंचम कोंबड्याला नाही, धुराला. कोंबडा आरवतो तेव्हा ओरलॉक अजून तिथे आहे. आणि पंचम आल्यावरही आनंदाला सुटायचं नाही, कारण लगेच एलेन जाते. पंचम लागलेला राहतो, त्यावर भैरवाचा कोमल रिषभ आंदोलत येतो, बस्स. शेवटच्या पडक्या किल्ल्यावर फक्त षड्ज.

लोक हसतील. पहिल्या पंधरा मिनिटांत हसले तर चांगलंच. हुटर खिदळतो, त्याचा मालक नॉक वेडेवाकडे चाळे करतो, तिथे हसू यावं अशीच चाल ठेवली. अडचण पुढे आहे. ओरलॉकची घोडागाडी आणि शवपेट्या एकावर एक रचणं मुद्दाम वेगवान केलेलं आहे; १९२२मध्ये ते अमानवी वाटलं असेल, आज विनोदी वाटतं. इथे द्रुत लय घेतली की हशा ठरलेला. उलट करायचं: चित्र जितकं धावेल तितका सूर लांब. गाडीच्या वेळी जंगल उलट्या छायेत दिसतं, झाडं पांढरी, आभाळ काळं. तेवढ्या वेळात फक्त खालचा धैवत, काहीही हलत नाही. हशा येतो, पण अर्ध्यावर तुटतो.

सभागृह. चित्राचा आकार ४:३ आहे. बहुतेक प्रोजेक्टर आपोआप ताणून पडदाभर करतात आणि किडकिडीत ओरलॉक चांगला गरगरीत होतो. ताणणं बंद करून दोन्ही बाजूंना काळा पडदा ओढावा. ४ मीटर रुंद, ३ मीटर उंच चित्राला हिशोबाने १८०० ल्युमेन (प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप) पुरतात. पण १६:९च्या यंत्रात बाजूच्या काळ्या पट्ट्यांत पाव उजेड वाया जातो, दिवा जुना असतो, वादकांचा उजेड पडद्यावर सांडतो. ४००० ल्युमेनचं यंत्र मागावं. वादक पडद्याच्या डाव्या अंगाला, खाली. पडद्याच्या पायाशी बसून वर बघितलं तर मान धरते आणि चित्र तिरकं दिसतं. त्यांच्यापुढे एक छोटा मॉनिटर, जमिनीलगत, उजेड कमीत कमी, प्रेक्षकांना न दिसेल असा. वहीवर पिवळा कागद लावलेला क्लिपचा दिवा. वहीची पानं जाड कागदाची आणि एकाच बाजूला छापलेली असावीत. शांततेत पान उलटल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. पायपेटीची पायपट्टी कुरकुरते, तिच्या सांध्याला तेल आणि खाली जाड सतरंजी.

शांतता म्हणजे सभागृहाचा स्वतःचा आवाज. वातानुकूलन यंत्राची घरघर तुम्ही मुकाट्याने बसलात की लगेच पुढे येते. ते पूर्ण बंद केलं तर गोव्यात अर्ध्या तासात लोक पत्रिकेने वारा घेऊ लागतात, तो आवाज अधिक वाईट. प्रेक्षक यायच्या आधी तास-दीड तास जोरात चालवावं, चित्रपट सुरू होताना पंखा सर्वांत कमीवर, आणि शेवटच्या रात्रीचा भाग सुरू झाला की बंद. तेवढी वीस-पंचवीस मिनिटं थंडावा टिकतो. वाद्यंही त्या थंडाव्यात किमान दोन तास आधी ठेवावीत. बाहेरच्या दमट हवेतून आणलेलं घुमट पहिल्यांदा थबथबतं, मग कोरड्या हवेत कातडं आवळत जाऊन चढतं. व्हायोलिनच्या खुंट्या सुटतात. पावसाळ्यात कातडं हाताला सैल लागलं तर टेबलावरच्या जुन्या पद्धतीच्या बल्बखाली दहा मिनिटं, थेट विस्तवावर नाही. शक्य असेल तर हा प्रयोग जून ते सप्टेंबरमध्ये ठेवूच नये. पत्र्यावरच्या पावसापुढे श्वासाचा आवाज काय टिकणार.

देऊळ जवळ असेल तर सांजआरतीची वेळ विचारून घ्यावी. सात वाजताच्या घंटा आणि ताशा भिंतीतून आत येतात. साडेसातला सुरुवात, पाच मिनिटांचं प्रास्ताविक, सव्वानऊच्या आत शेवट. प्रास्ताविकात गोष्ट सांगू नये. फोन बंद करा म्हणताना पडद्याचा उजेडही बंद, हे स्पष्ट सांगावं. अंधारात एक पेटलेला फोन निळ्या रात्रीचा सत्यानाश करतो.

वीज जाणारच असं धरून चालावं. जनित्र सुरू व्हायला काही सेकंद लागतात, पण दिव्याचा प्रोजेक्टर एकदा विझला की थंड होऊन पुन्हा पेटेपर्यंत पाच-सात मिनिटं जातात. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप दोन्ही यूपीएसवर हवेत. नुसता लॅपटॉप जोडून उपयोग नाही. तरीही चित्र गेलं तर काय, हे ठरवून ठेवावं: वादक थांबत नाहीत, पायपेटी षड्ज धरते, बाकीचे गप्प. पायपेटी, व्हायोलिन, घुमट यांना वीज लागत नाही, हा या मेळाचा मोठा फायदा. चित्रपट पाच अंकांत आहे. यंत्रचालकाने चालू अंकाच्या सुरुवातीपासून लावायचं, मधूनच अंदाजाने नाही. त्याच्याजवळही वहीची एक प्रत हवी आणि तो तालमींना आलेला हवा. फक्त प्रयोगाच्या दिवशी भेटणारा यंत्रचालक शेवटची चौकट दिसताच सवयीने दिवे लावतो. षड्ज विरल्यावर पंधरा सेकंद अंधार, हे त्याच्या वहीत लाल शाईने लिहावं.

प्रयोग संपल्यावर वाद्यं आवरण्याआधी तिघांनी आणि यंत्रचालकाने वही काढून बसावं. कुठे हसले, कुठे खोकले, कुठे खुर्च्या वाजल्या, ते त्या त्या ओळीसमोर लिहावं. खोकला लांबलेल्या सुराची निशाणी असते. तिथे पुढच्या वेळी एक वाद्य कमी करावं. व्हायोलिनच्या तारा परत पंचमाला चढवायच्या त्या घरी गेल्यावर, हळूहळू, नाहीतर वरची तार तुटते.

पुढचा चित्रपट म्हणून ‘कॅलिगरी’ घ्यायचा विचार बरेच जण करतात. १९२०चा, जीर्णोद्धारित प्रत ७७ मिनिटांची, लांबीने सोयीचा. मात्र पंचमाची ही योजना तिथे उचलून नेऊ नये. त्यात पहाट नाही. शेवटी कळतं की गोष्ट सांगणाराच वेड्यांच्या इस्पितळात आहे, म्हणजे ऐकलेलं सगळंच संशयास्पद. काढून घेतलेला सूर परत द्यायला तिथे जागाच नाही. त्याऐवजी पहिल्या बागेतल्या प्रसंगातली चाल शेवटी जशीच्या तशी घ्यावी, फक्त एक सूर कोमल करून. आणि रंगवलेल्या वाकड्या भिंतींवर वाकडं संगीत लावू नये. व्हायोलिन तिथे सरळ, सुरेल, अगदी नीट वाजलं पाहिजे.